दारापर्यंत ब्रॉडगेज, घरात नॅरोगेज

१८६२ साली गायकवाडांच्या राज्यात डभोई आणि मियागाम या दोन गावांमध्ये अरुंद रुळांवरची गाडी सुरू झाली. सुरुवातीला ती बैल ओढत. तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट, तर मियागामवरून जाणाऱ्या मुंबई-बडोदे लोहमार्गाचे साडेपाच फूट. साहजिकच मियागामला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. मोठी गाडी कितीही वेगाने येवो, पुढचा प्रवास लहान गाडीच्याच चालीने होई.

बडोद्यात घरगुती इंटरनेटच्या तक्रारी ऐकल्या की मला हे मियागाम आठवते. गेल्या काही वर्षांत फायबर रावपुरा, दांडिया बाजार, वाडी, बाबाजीपुरा या जुन्या वस्त्यांतल्या घरांच्या ओट्यापर्यंत येऊन पोचले. बिलावर १००, २००, ३०० मेगाबिट असे आकडे छापून येऊ लागले. माडीवरच्या खोलीत तारेने जोडलेला संगणक मात्र अनेक घरांत त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. हा वेग वाढवायचा तर नेमके काय बदलायचे? प्लॅन, तार, राउटर की संगणकातली सेटिंग? या प्रश्नावर गेली वीस-पंचवीस वर्षे वेगवेगळी मते मांडली जात आहेत. प्रत्येक मत कुठल्या ना कुठल्या काळात बरोबर होते, आणि गोंधळाचे मोठे कारण तेच आहे.

तारेची गरज

वाय-फाय असताना तार कशाला, असा प्रश्न वाघोडिया रोडवरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोणी विचारला तर तो रास्त आहे. जुन्या शहरात उत्तर बदलते. तिथल्या वाड्यांच्या विटांच्या भिंती जाड आहेत. घरे अरुंद, खोल आणि दोन-तीन मजल्यांची. राउटर ओट्याजवळ आणि अभ्यासाची खोली मागच्या माडीवर, अशी रचना असेल तर मधल्या प्रत्येक भिंतीत लहरींची ताकद घटत जाते. शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच हवेत बोलत असतात, हेही आहेच. तारेला या दोन्हींचा त्रास नाही. घरून काम करणाऱ्याला, ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या मुलाला आणि न्यू जर्सीतल्या नातवाशी रोज रात्री बोलणाऱ्या आजी-आजोबांना सर्वाधिक वेगापेक्षा न तुटणारी जोडणी हवी असते. ती आजही तारेवरच सर्वांत भरवशाची मिळते.

दारापर्यंतचा रस्ता

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून डायल करून मिळे. त्याचा वेग पुढे वाढत गेला तरी ५६ किलोबिटला थांबला. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने त्याच टेलिफोन तारेवर ‘डेटावन’ सुरू केले. ही एडीएसएल पद्धत. एक्स्चेंजपासून घर जितके दूर तितका वेग कमी, आणि जुन्या तांब्याच्या प्रत्येक गंजक्या सांध्यावर पुन्हा घट. त्या काळात घरातली तार अडथळा ठरणे जवळजवळ अशक्य होते, कारण दारापर्यंत येणारा प्रवाहच बारीक होता.

ब्रॉडबँडची किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. सरकारी व्याख्या अशी हळू सरकत असताना बाजार कितीतरी पुढे गेला. आधी केबलवाल्यांनी गल्लीच्या तोंडापर्यंत फायबर आणि तिथून गच्चीगच्चीवरून साधी इथरनेटची तार, अशी व्यवस्था उभी केली. मग फायबर थेट घरात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरची व्यावसायिक सेवा सुरू झाल्यावर १०० मेगाबिट ही गोष्ट मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली.

घरात येणाऱ्या या फायबरमागे बहुधा जीपॉन नावाची पद्धत असते. एका फायबरवरून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट खाली येतात आणि १.२५ गिगाबिट वर जातात. ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत, या गृहीतकावर ही वाटणी चालते, आणि बहुतेक वेळा ते गृहीतक खरे ठरते.

घरातले मियागाम

इथरनेटचा जन्म १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ही त्यामागची नावे. पीळ दिलेल्या तांब्याच्या जोड्यांवरून १० मेगाबिट नेण्याचे मानक १९९० मध्ये आले, १०० मेगाबिटचे १९९५ मध्ये आणि १००० मेगाबिटचे, म्हणजे गिगाबिटचे, १९९९ मध्ये. घरातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ मला शेवटच्या दोन मानकांमधल्या एका फरकात दिसते. त्या निळ्या किंवा राखाडी तारेत चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

पूर्वी वायरमन काटकसरीने काम करत. नारिंगी आणि हिरवी जोडी संगणकाला, निळी इंटरकॉमला, तपकिरी तशीच सोडून दिलेली. तेव्हा त्यात काही चूक नव्हती. आज त्याच तारेच्या टोकाला गिगाबिटचा राउटर लावला तर दोन्ही यंत्रे आपापसांत बोलणी करतात, चार जोड्या सापडत नाहीत आणि निमूटपणे १०० वर उतरतात. पडद्यावर सूचना येत नाही, दिवा लागलेलाच राहतो. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली, उंदराने कुरतडली किंवा कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नाही तरी हेच होते.

आमच्या घरी असे दीड वर्ष चालले. प्लॅन १०० वरून २०० वर नेला, तरी माडीवरच्या संगणकावर आकडा ९४ च्या पुढे जाईना. जोडणी देणाऱ्या माणसाने लाइन ठीक असल्याचे सांगितले आणि त्याच्या परीने ते खरे होते. शेवटी जिन्याखालचा कनेक्टर कापून पाहिला, तर तपकिरी जोडीतली एक तार आत पोचलेलीच नव्हती. काही रुपयांचा नवा कनेक्टर बसवला आणि त्याच संध्याकाळी वेग दुप्पट झाला.

९४ हा आकडा ओळखून ठेवावा असा आहे. माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर पत्ते, शीर्षके आणि मधली मोकळी जागा जाते. ती वजा केली की १०० मेगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात ९४-९५ उरतात आणि गिगाबिटवर सुमारे ९४०. म्हणून मोठ्या प्लॅनवर वेगाची चाचणी पुन्हा पुन्हा ९३-९४ ला अडत असेल, तर कुठेतरी १०० चा टप्पा आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. तो तारेत असेल, जुन्या स्विचमध्ये असेल, नाहीतर स्वस्त राउटरच्या पोर्टमध्ये. काही राउटरांवर वाय-फायचा वेग ठळक छापलेला असतो आणि मागची पोर्टे मात्र १०० ची असतात. खोका घेताना ही बाजू वाचली जात नाही.

एक खुलासा इथेच करतो. प्लॅनचे आकडे मेगाबिटमध्ये असतात आणि संगणक उतरणाऱ्या फाइलचा वेग बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिटवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरत असेल तर काहीही बिघडलेले नाही.

तार बदलावी म्हणणारे

नेटवर्कची कामे करणाऱ्यांचा कौल साधारणपणे असा असतो की आधी तार आणि पोर्टे सुधारा, मग बाकीचे बघा. वर सांगितलेल्या कारणांसाठी मला हे मत सर्वांत भक्कम वाटते. पण त्याच्या आडून बरेच अनावश्यकही विकले जाते, म्हणून थोडे तपशिलात जायला हवे.

कॅट-५ई प्रतीची खरी तांब्याची तार १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. २०१६ मध्ये आलेले अडीच गिगाबिटचे मानक तर अशाच जुन्या तारांचा विचार करून केले गेले. कॅट-६ वर साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट जाऊ शकतात. बडोद्यातल्या टेनामेंटमध्ये किंवा वाड्यात सर्वांत लांबची तारही क्वचितच ३०-४० मीटरच्या पुढे जाते. म्हणजे नवे काम करायचे असेल तर कॅट-६ घ्यावी आणि तिथे थांबावे. कॅट-८ ही डेटा सेंटरमधल्या यंत्रांना ३० मीटरच्या आत जोडण्यासाठी आहे. घरात तिचा उपयोग नाही.

प्रतीच्या आकड्यापेक्षा धातू महत्त्वाचा. बाजारात सीसीए, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम, अशी तार सर्रास मिळते. वेष्टनावर कॅट-६ लिहिलेले असते, भावही कमी असतो. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युत-रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट. मानके या तारेला मान्यता देत नाहीत. तिच्या बाजूने एवढे म्हणता येईल की दहा मीटरच्या आतल्या सरळ तुकड्यात ती अनेकदा व्यवस्थित चालते. पण ती वाकवली की तुटते, कनेक्टरपाशी गंजते आणि कॅमेऱ्यासारख्या उपकरणाला त्याच तारेतून वीज दिली तर तापते. भिंतीत पुरायची असेल तर तिच्यापासून लांब राहावे. ओळख सोपी आहे. खरा ३०५ मीटरचा खोका वजनाला जड असतो, आणि तारेचे टोक ब्लेडने खरवडले की तांबे आतपर्यंत लाल दिसते, सीसीए आतून चंदेरी.

कारागिरीचाही प्रश्न आहे. जोड्यांना पीळ दिलेला असतो तो बाहेरचा विद्युत-गोंगाट रद्द व्हावा म्हणून. कनेक्टर बसवताना हा पीळ सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये असा नियम आहे. आपल्याकडे सोयीसाठी दोन-तीन सेंटिमीटर उलगडतात. विजेच्या तारा आणि ही तार एकाच पाइपातून ओढणे ही दुसरी सवय. त्यात वेगापेक्षाही जिवाचा धोका मोठा आहे.

प्लॅन वाढवावा म्हणणारे

जोडणी देणाऱ्यांचा सल्ला बहुतेक वेळा मोठ्या प्लॅनचा असतो. तो केवळ विक्रीचा आहे असे मानणे अन्यायाचे होईल. घरात चार माणसे, दोन टीव्ही, एक ऑफिसचा लॅपटॉप आणि क्लाउडवर चित्रफीत पाठवणारे दोन कॅमेरे असतील, तर ३० मेगाबिट अपुरेच पडणार. वर चढणारा वेग कमी असलेल्या जुन्या जोडणीवर तर प्लॅन बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की गरजेचा हिशेब कोणी करतच नाही. साधा व्हिडिओ कॉल दोन-चार मेगाबिटमध्ये होतो. सर्वांत स्पष्ट, फोर-के चित्राला १५ ते २५ पुरतात. चार जणांच्या बहुतेक घरांना नीट पोचलेले १०० मेगाबिट भरपूर होतात. त्यापुढचा प्लॅन मोठ्या फाइली लवकर उतरवतो, पण वेबपान उघडण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. माझा कल याच बाजूला आहे. फक्त घरात कोणी चित्रफितींचे संपादन करत असेल तर हा हिशेब त्याला लागू होत नाही, हे मान्य करायला हवे.

रांग आवरावी म्हणणारे

तिसरे मत सर्वांत उशिरा पुढे आले आणि आपल्याकडे सर्वांत कमी ऐकू येते. त्याचे म्हणणे असे की लोक ज्याला मंद वेग म्हणतात तो बहुधा उशीर असतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई बडोद्याहून सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान चार मिलिसेकंद. अमेरिकेचा पूर्व किनारा १२,५०० किलोमीटर धरला तर किमान सव्वाशे मिलिसेकंद. समुद्रतळाच्या केबलचा मार्ग सरळ नसल्याने प्रत्यक्षात बरेच जास्त. हा उशीर कोणताही प्लॅन कमी करू शकत नाही.

मात्र घरात तयार होणारा उशीर कमी करता येतो. नवरात्रात गरब्याहून परतल्यावर मुलीच्या फोनमधली चित्रफीत आपोआप वर चढू लागते आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीत चाललेला कॉल अडखळतो, हा अनुभव बडोद्यातल्या किती घरांना आला असेल! कारण असे की राउटर जास्तीची माहिती टाकून देण्याऐवजी साठवत राहतो. रांग लांबते आणि आवाजाचा छोटासा तुकडा चित्रफितीच्या शेकडो तुकड्यांमागे उभा राहतो. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी स्वतःच्या घरच्या जोडणीवर हा दोष शोधला आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झाले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आखूड ठेवण्याची ‘कोडेल’ ही रीत मांडली. तिच्यावर आधारलेली, प्रत्येकाला पाळीपाळीने जागा देणारी पद्धत २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झाली.

यावरचे आक्षेपही खरे आहेत. ही सोय वापरायची तर एकूण वेगातले पाच-दहा टक्के सोडावे लागतात. राउटरचा प्रोसेसर दमदार लागतो, आणि कंपनीने दिलेल्या डब्यात ही सेटिंग बहुधा नसते. वर-खाली सारखाच वेग देणारी फायबर जोडणी असेल तर त्रास मुळातच कमी होतो. पण कमी होणे म्हणजे संपणे नव्हे.

सेटिंग बदलावी म्हणणारे

या मताचा काळ मुख्यतः सरला आहे. विंडोज एक्सपीच्या दिवसांत संगणक एका वेळी ६४ किलोबाइटच माहिती पोच न देता स्वीकारू शके. दोनशे मिलिसेकंद दूरच्या सर्व्हरवरून त्यामुळे एका जोडणीला सुमारे २.६ मेगाबिटच्या वर जाता येत नसे. तेव्हा रजिस्ट्रीतला आकडा बदलला की खरोखर फरक पडे. २००७ च्या विस्टापासून हे काम संगणक आपोआप करतो. तरीही ती जुनी कृती अजून हातोहात फिरते.

डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचे, पत्ते बदलण्याचा सल्लाही असाच अर्धवट खरा आहे. त्याने नाव शोधायला लागणारा वेळ कमी होऊ शकतो, पण फाइल उतरण्याचा वेग वाढत नाही. विजेच्या प्लगमधून जाळे नेणारी उपकरणे जुन्या, जोडाजोडीच्या वायरिंगवर बेभरवशाची ठरतात. मोडतोड अजिबात शक्य नसेल तेव्हाच त्यांचा विचार करावा.

न सुटलेले

पहिला अनिर्णित प्रश्न जबाबदारीचा. कंपनीची हद्द घरात फायबर जिथे संपते त्या डब्यापाशी संपते आणि तिथून पुढे घरमालकाची सुरू होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवागुणवत्तेचे नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, पण त्यांचा रोख सेवा देणाऱ्याच्या जाळ्यावर आहे. जिन्याखालच्या कनेक्टरला ग्राहकापलीकडे धनी नाही.

दुसरा प्रश्न बांधकामाचा. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत माहिती-दळणवळणाच्या सोयींवर स्वतंत्र विभाग आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीबाबत मानांकन देण्याचे विनियम काढले. गोत्री किंवा मांजलपूरमधल्या नव्या इमारतींना याचा उपयोग होईल. शंभर वर्षांच्या लाकडी वाड्यात नवी नळी कुठून न्यावी, याचे उत्तर त्यांत मिळत नाही. तिथे भिंत फोडण्यापेक्षा कोपऱ्यातून पट्टी नेणे बरे, असे जुनी घरे जपणाऱ्यांना वाटते आणि मलाही तसेच वाटते.

तिसरा, तांबे की फायबर? घरातही खोलीखोलीपर्यंत फायबर न्यावे असा विचार आता पुढे येतो आहे. फायबरला विजेच्या कडकडाटाची बाधा होत नाही, आणि गच्चीवरून तांब्याची तार नेलेल्या घरांची पोर्टे पावसाळ्यात जळतात त्या अर्थी हा मुद्दा हलका नाही. पण त्याचा सांधा घरच्या वायरमनला करता येत नाही, प्रत्येक टोकाला वीज लागणारा डबा लागतो आणि उत्तरायणात पतंगाच्या मांज्याने होणारी ओढाताण बाहेरच्या फायबरलाही चुकत नाही. घरातल्या तीस मीटरसाठी आज तरी तांबे पुरेसे आहे.

कंपनीचा फायबरचा डबा कुठे बसवावा यावरही एकमत नाही. सोयीसाठी तो तळमजल्यावर, दारामागे लावतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यांवरची उपकरणे बुडाली. नदीकाठच्या वस्त्यांत डबा आणि राउटर पहिल्या माडीवर असावेत.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी प्लॅनचे नूतनीकरण करण्याआधी लॅपटॉप एका चांगल्या, आखूड तारेने थेट फायबरच्या डब्याला जोडा आणि वेग मोजा. मग तोच लॅपटॉप माडीवरच्या तारेला लावून पुन्हा मोजा. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग १०० दिसतो की १०००, तेही पाहा. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा. पहिला प्लॅनइतका असेल आणि दुसरा त्याहून बराच कमी असेल, तर कंपनीला फोन करू नका, वायरमनला बोलवा.